पुण्याची स्वस्ताई कोण भरतं?

परदेशी सल्लागार कंपनीची राहणीखर्चाची यादी आली की आपल्याकडे हमखास तोच वाद पेटतो. मर्सर या कंपनीच्या 2024 च्या यादीत जगातल्या 226 शहरांमध्ये मुंबई 136 वी होती आणि पुणे 205 वं, म्हणजे जवळजवळ तळाला. लगेच एक बाजू सांगू लागते की पुण्यात एकट्या माणसाला पंचवीस-तीस हजार रग्गड होतात. दुसरी उसळून म्हणते की नवरा-बायको दोघं कमावती असून लाखात भागत नाही. मग दोघंही आपापल्या महिन्याच्या खर्चाची यादी पुराव्यादाखल पुढे करतात. दोन्ही हिशेब बहुधा खरेच असतात, आणि म्हणूनच वाद जागचा हलत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. पुणे स्वस्त नाही. पुण्यात माणसाची मेहनत स्वस्त आहे. आणि महापालिकेनं पुरवायच्या गोष्टी पदरमोड करून विकत घ्याव्या लागतात, तेवढ्यापुरतं पुणे महाग आहे. पहिल्या गोष्टीचा फायदा मिळतो तो शहराला स्वस्त म्हणतो, दुसरीचा भुर्दंड बसतो तो महाग म्हणतो. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत तर दोन्ही एकाच महिन्यात घडतं.

आधी त्या यादीबद्दल. ती खोटी नाही, हे मान्य करायला हवं. मर्सर काय किंवा इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट काय, दोनशेच्या वर वस्तू-सेवांचे भाव गोळा करतात, ते एका चलनात आणतात आणि न्यू यॉर्कशी ताडून पाहतात. काम चोख आहे. पण ते कुणासाठी आहे? एखाद्या कंपनीनं आपला अधिकारी परदेशी पाठवला तर त्याला भत्ता किती द्यायचा, हे ठरवण्यासाठी. ज्याचा पगार डॉलरमध्ये आहे त्याला पुणे किती स्वस्त पडेल, एवढंच ती यादी सांगते. पुण्याच्या कडेच्या धायरीत राहणाऱ्या माणसाबद्दल तिला काही म्हणायचंच नाही. ते तिच्या तोंडी आपण घालतो.

यातली गफलत पुण्यापेक्षा कराचीत जास्त ठळक दिसते. इकॉनॉमिस्टच्या 2023 च्या पाहणीत कराची जगातल्या सर्वांत स्वस्त शहरांच्या पंक्तीत होती. त्याच वर्षी मे महिन्यात पाकिस्तानातली महागाई 38 टक्क्यांवर पोचली होती. 2022 च्या सुरुवातीला डॉलरला 175-180 पाकिस्तानी रुपये पडत, ते 2023 च्या सप्टेंबरात तीनशेच्या घरात गेले. कराचीतल्या गृहिणीला पीठ, तेल, वीज सगळं महागलं आणि नेमकं त्याच काळात शहर डॉलरच्या हिशेबात ‘स्वस्त’ राहिलं. कोलंबोचंही तसंच. 2022 च्या वसंतात श्रीलंकेचा रुपया डॉलरला दोनशेवरून साडेतीनशेपार घसरला आणि सप्टेंबरात तिथली महागाई सत्तर टक्क्यांच्या आसपास होती. चलन कोसळलं की शहर यादीत खाली सरकतं. या घसरणीला कुणी ‘परवडणारं शहर’ म्हणत असेल, तर त्यानं एकदा तिथल्या पगारपत्रकावर नजर टाकावी.

आणि निर्देशांकावरून भांडण होणं आपल्याला नवीन थोडंच आहे? मुंबईत कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक 1921 पासून काढला जातो. गिरणीतला महागाई भत्ता पुढे त्यालाच जोडला गेला, म्हणजे आकडा एका अंकानं सरकला की हजारो घरांत पैसे कमी-जास्त व्हायचे. 1963 मध्ये बाजारात धान्य कडाडलं तरी निर्देशांक जागचा हलेना, तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले, मुंबई बंद झाली. सरकारला डॉ. डी. टी. लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि निर्देशांक प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखवत होता हे तिनं मान्य केलं. त्या पिढीतल्या कामगारानं विचारलेला प्रश्न आज आपण विचारतच नाही: हा आकडा कुणाच्या घरचा बाजार करून काढलाय?

आता स्वस्ताईच्या बाजूनं जे खरं आहे ते. पुण्यात मुंबईपेक्षा घरभाडं कमी आहे, यात वाद नाही. वडापाव अजून पंधरा-वीस रुपयांत मिळतो. विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये महिन्याला तीनेक हजारांत दोन्ही वेळचं जेवण होतं. रिक्षा मीटरनं पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17, म्हणजे पाच किलोमीटरला 84-85 रुपये. धुणं-भांडी, केर-फरशी, पोळ्या अशा एकेका कामाला महिन्याला हजार ते दीड हजार. इतक्या पैशांत रोज कुणीतरी घरी येऊन भांडी घासून जातं, ही चैन न्यू यॉर्कमध्ये बड्या पगारदारालाही परवडत नाही.

या यादीत एक गोष्ट सगळीकडे समान आहे. प्रत्येक ठिकाणी आपण मुख्यतः माणसाच्या वेळेचे पैसे देतो आहोत. पेट्रोल पुण्यात स्वस्त नाही, मोबाइल नाही, सिमेंट नाही, औषध नाही, विमानाचं तिकीट नाही. त्यांच्या किमती देशाच्या किंवा जगाच्या बाजारात ठरतात. जिथे माणूस राबतो तिथेच भाव उतरलेला दिसतो. मग खर्च रुपयांत न मोजता तासांत मोजून पाहू.

सोसायटीच्या गेटवरचा रखवालदार घ्या. बारा तासांची ड्युटी, महिन्याला 26 पाळ्या, हातात सोळा हजार धरू. महिन्याचे 312 तास झाले, ताशी 51 रुपये. डझनभर अंडी 84 रुपयांना, म्हणजे त्याची एक तास चाळीस मिनिटांची मेहनत. न्यू यॉर्कमध्ये 2025 साली किमान वेतन ताशी 16.50 डॉलर होतं. तिथे डझनाला चार-साडेचार डॉलर धरले तर किमान वेतनावरच्या माणसाला पंधरा-सोळा मिनिटं काम करावं लागतं. यादी म्हणते पुण्यातली अंडी चौपट स्वस्त आहेत. घड्याळ म्हणतं सहापट महाग आहेत. दोन्ही बरोबर, पण रखवालदाराला अंडी खायची आहेत, न्यू यॉर्कशी स्पर्धा करायची नाही. हां, या मापानं न्यू यॉर्कचं घरभाडंही किमान वेतनावरच्या माणसाच्या आवाक्याबाहेर जातं, तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. मुद्दा एवढाच की शहर परवडतं की नाही हे भावावरून कळत नाही. भाव भागिले मजुरी करावं लागतं.

घराकडे जरा थांबून बघू, कारण तिथे हिशेब सगळ्यात जास्त बिनसतो. धायरी, नऱ्हे, आंबेगाव या पट्ट्यात साधा वन बीएचके बारा ते चौदा हजारांना मिळतो. तेरा हजार धरा. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, मुंबईच्या मानानं किती स्वस्त. पण ताबा मिळायच्या दिवशी काय काय द्यावं लागतं? पहिल्या महिन्याचं भाडं तेरा हजार. डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे चाळीसएक हजार. एजंटला एक महिन्याचं भाडं. अकरा महिन्यांच्या करारावर एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, त्यात डिपॉझिटवरचं मानीव व्याज धरून तीन-पावणेचारशे रुपये, वर नोंदणीचे हजार. सामान आणायला टेम्पो तीन-चार हजार. बेरीज सत्तर हजारांच्या घरात जाते. रखवालदाराचा तो सव्वाचार-साडेचार महिन्यांचा पगार झाला, आणि अजून घरात सिलिंडर आलेला नाही. अकरा महिन्यांनी मालक पाच-दहा टक्के वाढवतो किंवा मुलाच्या लग्नासाठी जागा हवी म्हणतो, की हाच खेळ पुन्हा. डिपॉझिट परत मिळतं, हे खरं; पण रंगकामाचे पैसे कापूनच. दर महिन्याला तेरा हजार भाडं म्हणजे त्याच्या 312 पैकी 253 तास. उरलेल्या 59 तासांत अन्न, वीज, औषध, मुलांची शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे.

अर्थात तो वन बीएचके घेतच नाही. तो कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं-सहाजणं, माणशी अडीच-तीन हजार. कुटुंब गावी. इथे विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा येतो: शहर परवडत नसतं तर लोक आले असते का? मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून रोज माणसं उतरतात, ती काय हिशेब न करता? हिशेब करूनच येतात. पण तो हिशेब गावातल्या मिळकतीशी ताडून केलेला असतो. गावात सहा महिने हाताला काम नसतं, म्हणून शहरातले सोळा हजार मोठे वाटतात. त्यावरून गावाची ओढगस्त सिद्ध होते. शहर परवडतं हे त्यातून कसं निघालं?

हे गणित महाराष्ट्रानं आधी एकदा पूर्ण सोडवून पाहिलं आहे. गिरणगावातला रत्नागिरीचा, साताऱ्याचा कामगार चाळीत एका खोलीत दहा-पंधराजणांबरोबर गाळा वाटून राहायचा, खानावळीत जेवायचा. बायको, म्हातारे आईबाप, पोरं गावी. गिरणीमालकाला एकट्या माणसाच्या पोटापुरतं वेतन देऊन भागत असे, कारण मुलं वाढवण्याचा आणि म्हातारपण काढण्याचा खर्च कोकणातली नाचणी-भाताची खाचरं उचलत होती. मुंबई स्वस्त होती ती गावानं बिल भरलं म्हणून. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या अनेकांना महिनोन्‌महिने तगवलं ते गावानंच. 2020 च्या टाळेबंदीत पुण्याच्या रस्त्यांवरून चालत निघालेली माणसं याच हिशेबातली होती. ज्या शहराला आपण स्वस्त म्हणतो त्यात वर्षानुवर्षं राबूनही त्यांच्याकडे दोन महिन्यांचं भाडं शिल्लक नव्हतं.

आता दुसरी बाजू, लाखात भागत नाही म्हणणाऱ्यांची. तिला हसण्यावारी नेणं सोपं आहे. सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्च पाहणीत शहरी भारतातला माणशी सरासरी मासिक खर्च 6,996 रुपये निघाला; चौघांच्या कुटुंबाला अठ्ठावीस हजार. तेव्हा लाखवाल्यांनी आपण वरच्या टोकाला आहोत हे ओळखावं. (त्याच पाहणीत शहरी खर्चातला घरभाड्याचा वाटा जेमतेम साडेसहा टक्के दिसतो, कारण स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं भाडं सरासरीत शून्य म्हणून मिसळतं. सरासरीवर विसंबणारे लोक भाडेकरूला कसे विसरतात, ते इथे कळतं.) पण त्यांची तक्रार नुसत्या चैनीची नाही. त्यांचा पैसा जातो कुठे ते पाहा.

पाणी घ्या. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. कर आला, नळ नीट आला नाही. साठ फ्लॅटची सोसायटी धरा, घरटी चार माणसं. माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी माप लावलं तर रोज 32,400 लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचा टँकर, म्हणजे रोज सव्वातीन टँकर. टँकर हजाराला धरला तर महिन्याला 97 हजार, फ्लॅटमागे सोळाशे रुपये. एप्रिल-मेमध्ये भाव चढतो आणि टँकरवाला फोन उचलत नाही, तो भाग वेगळा. हे सोळाशे रुपये ‘पाणी’ या नावाखाली कुठल्याच यादीत दिसत नाहीत. मेंटेनन्समध्ये विरघळून जातात. शिवाय टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून भरलं, क्लोरीन टाकलं का, हे बघणारं कुणी नसतं. गृहिणी मग आरओ बसवते, त्याचा फिल्टर वर्षाकाठी बदलते. तोही खर्च पाण्याचाच. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकामागून एक सापडले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णाच्या घरी त्या महिन्याचा राहणीखर्च किती झाला, ते कुठल्या यादीत धरायचं?

प्रवासाचंही हेच. धायरीहून हिंजवडीला जाऊन-येऊन पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. चोवीस दिवसांचे अकराशे-बाराशे किलोमीटर, लिटरला 45 च्या मायलेजनं पंचवीस ते सत्तावीस लिटर पेट्रोल, शंभरावर चार रुपये दरानं सव्वीसशे ते अठ्ठावीसशे. त्यात हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक लायनर मिळवा की साडेपाच हजारांना मरण नाही. पीएमपी या शहर बससेवेचा महिन्याचा पास दीड हजाराचा. मग बसनं का जात नाहीत? कारण थेट बस विरळ, बदलून जायचं तर दोन-दोन थांबे, आणि बस कधी येईल याचा भरवसा नाही. पास नऊशेवरून दीड हजारावर गेला तो 1 जून 2025 ला, रोजचा पास चाळीसवरून सत्तरवर. तोट्यामुळे वाढ करावी लागली, हे मान्य. भाडं दहाएक वर्षं हललं नव्हतं, डिझेल आणि पगार थांबले नव्हते. पण 2022 च्या मार्चपासून महापालिकेत प्रशासक होते. सभागृहात उभं राहून या वाढीला विरोध करायला किंवा तोटा कुठून भरायचा ते सांगायला एकही नगरसेवक नव्हता. ज्याच्याकडे दुचाकी आहे त्याला ही वाढ जाणवलीही नाही. ज्याच्याकडे नाही त्याच्या घरात दोन पास लागत असतील तर महिन्याला बाराशे रुपये वाढले.

सरकारची स्वतःची फूटपट्टी तर आणखी चमत्कारिक आहे. महाराष्ट्रात शहरी भागात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59 हजार रुपये आहे. महिन्याला 4,916. वर आलेला रखवालदार वर्षाला एक लाख 92 हजार कमावतो, म्हणजे कागदावर तो गरिबीच्या तिप्पट वर आहे. 2011 मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात शहरी माणसाला दिवसाला 32 रुपये पुरतात असं प्रतिज्ञापत्र दिलं तेव्हा देशभर हसं झालं होतं. 59 हजारांवर मात्र कुणी हसत नाही. परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे: दाखल्यावर खोटं उत्पन्न लिहून घ्यावं लागतं, आणि जो खरं सांगतो त्याचं धान्य जातं.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे भाड्यावर टाच आणा. तो आपण करून बसलो आहोत. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी 1940 च्या पातळीला बांधून टाकली. आत राहणाऱ्याला पाच-दहा रुपयांत वाड्यात खोली मिळत राहिली आणि मालकानं कौल फिरवायचंही सोडून दिलं. पुण्याच्या कसबा पेठेत, शनिवार पेठेत वाडे खचले, बाहेरून आलेल्याला खोली मिळेना, आणि कायद्याच्या कचाट्यातून सुटायला अकरा महिन्यांच्या करारांचं पेव फुटलं. 1999 च्या कायद्यानं बरीच सूट दिली, पण करार अकरा महिन्यांचेच राहिले. भाडं कागदावर उतरवून घर मिळत नाही. घरं वाढावी लागतात, आणि जिथे ती वाढतात तिथे बस आणि पाणी आधी पोचावं लागतं. आज उलटं होतं: पाण्याची सोय आपण करू असं हमीपत्र बिल्डर देतो, इमारत उभी राहते, बिल्डर पुढच्या प्रकल्पावर जातो आणि हमीपत्र फायलीत राहतं.

राहिला शेवटचा आक्षेप, जो फारसं कुणी मोठ्यानं बोलत नाही. मजुरी वाढली तर मध्यमवर्गाचं काय? भांडीवाल्या बाईंनी दुप्पट मागितले, रखवालदाराची ड्युटी आठ तासांची झाली, तर मेंटेनन्स वाढेल, घर चालवणं अवघड होईल. हा प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याच घराचा हिशेब पुन्हा मांडू. टँकरचे सोळाशे, आरओच्या फिल्टरचे वर्षाचे बारा भाग, आणि बस नाही म्हणून घेतलेल्या दुसऱ्या दुचाकीचे साडेपाच हजार. सात हजारांवर रक्कम जाते, आणि शाळेची फी व दवाखाना यांत धरलेलाच नाही. भांडीवाल्या बाईंचे दीड हजार तीन हजार झाले तर फरक दीड हजाराचा. साठ फ्लॅटच्या सोसायटीत बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन केल्या आणि पगार तेवढेच ठेवले, तर गेटवरच्या एका जागेमागे एक माणूस, सोळा हजार रुपये, फ्लॅटमागे 267. गेट दोन असतील तर 534. ही वाढ परवडत नाही म्हणणारं घर महिन्याला सात हजार रुपये टँकर आणि दुचाकीला निमूट देतं, आणि वर्षातून एकदा प्रॉपर्टी टॅक्सची पावती फाईलला लावताना त्यातलं पाणी कुठे गेलं हे विचारत नाही.